प्रो रेसलिंग लीग : लिलावातली कुस्ती आणि पाटोद्याची माती

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले पाटोदा हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मांजरा नदी याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते आणि विंचरणा नदी सौताड्याच्या कड्यावरून खाली झेपावते. तरीही पाण्याची टंचाई येथे पाचवीलाच पुजलेली. दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात. ग्रामस्वच्छतेसाठी नावाजलेले ‘आदर्श गाव पाटोदा’ निराळे. ते छत्रपती संभाजीनगरजवळचे. बीडच्या पाटोद्याचे नाव देशभर पोहोचले ते कुस्तीमुळे. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेच्या ५७ किलो गटात राहुल बाळासाहेब आवारे या पाटोद्याच्या मल्लाने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्णपदक पटकावले.

त्या पदकाच्या अडीच महिने आधी दिल्लीच्या सिरी फोर्ट संकुलात प्रो रेसलिंग लीगचा तिसरा हंगाम संपला होता. राहुल आवारे हाही या लीगच्या गादीवर उतरलेला मल्ल. मुंबईच्या संघाकडून तो खेळला. भारतातील व्यावसायिक कुस्ती लीगचा इतिहास सहसा सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, फोगाट भगिनी अशा हरयाणा-दिल्लीकडच्या नावांनी सांगितला जातो. तो पाटोद्यासारख्या गावाच्या बाजूने पाहिला तर काही निराळ्याच गोष्टी नजरेत भरतात. त्यांतील पहिली म्हणजे वजनाची.

रेवडीपासून गदेपर्यंत

महाराष्ट्रात कुस्ती व्यावसायिक नव्हती, असे समजण्याचे कारण नाही. पैशासाठी कुस्ती येथे शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी बांधल्या आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे केले. त्या मैदानाची बांधणी अशी की मध्यभागी खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक; कोठेही बसले तरी कुस्ती दिसावी. संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय संपला. मग त्याची जागा दोघांनी घेतली : गावोगावच्या जत्रांनी आणि सहकारी साखर कारखान्यांनी. कारखाने मल्लांना मानधन देऊ लागले. वारणानगर, कुंडल यांसारखी मैदाने मोठ्या इनामांसाठी गाजू लागली.

जत्रेच्या फडाची रीत मराठी वाचकाला सांगायला नकोच, पण तिच्यातील अर्थकारण मात्र फारसे सांगितले जात नाही. दुपारी हलगी कडाडू लागते तेव्हा पहिल्यांदा पोरासोरांच्या कुस्त्या लागतात. त्यांचे इनाम रेवड्या किंवा नारळ. मग शंभर-दोनशे रुपयांच्या जोडी, मग हजारांच्या. दिवस कलता कलता इनाम वाढत जाते आणि मल्लांची अंगेही वाढत जातात. शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची आणि सर्वांत भारदस्त जोडीची. पंचमंडळी लोकवर्गणी गोळा करतात ती या शेवटच्या जोडीच्या नावावर. साठ किलोच्या आतला मल्ल कितीही चपळ असला, एकलंगी आणि घिस्सा त्याच्या हाती कितीही बसलेले असले, तरी त्याचा नंबर ऊन उतरण्यापूर्वीच लागून जातो.

हीच उतरंड मानाच्या किताबातही दिसते. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला. पहिला मान दिनकर दह्यारी यांचा. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत हलक्या गटांच्या कुस्त्या होतात, त्यांना पदकेही मिळतात. परंतु चांदीची गदा ज्या खुल्या गटासाठी असते तो ८६ ते १२५ किलो वजनाच्या मल्लांचा. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर तेवढेच एक छायाचित्र झळकते. म्हणजे ५७ किलोचा मल्ल जगज्जेता झाला तरी महाराष्ट्र केसरी होऊ शकत नाही. महिलांना तर या किताबासाठी २०२३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी सांगली येथे झालेल्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली.

खरे तर राज्याला ऑलिंपिकचे पदक मिळवून दिले ते हलक्या वजनाच्या मल्लानेच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलोच्या म्हणजे तेव्हाच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तरीही मैदानातील इनामाचा काटा वजनदार मल्लांकडेच झुकलेला राहिला. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. निकाली कुस्तीत वजनगट नसतात. पाठ मातीला लागेपर्यंत लढत चालते. आणि प्रेक्षकाला दोन डोंगरांची टक्कर पाहायची असते.

लिलावाची दुनिया

व्यावसायिक लीगची कल्पना भारतीय खेळांत स्थिरावली ती २००८ च्या इंडियन प्रीमियर लीगनंतर. हॉकीची लीग २०१३ मध्ये आली. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होऊ शकतो, हे तिने दाखवून दिले. कुस्तीचा क्रम पुढच्याच वर्षी लागला. भारतीय कुस्ती महासंघ आणि प्रोस्पोर्टिफाय ही कंपनी यांनी मिळून प्रो रेसलिंग लीगची घोषणा केली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी पहिल्या हंगामास प्रारंभ झाला.

संघ सहा होते : मुंबई गरुड, हरयाणा हॅमर्स, बंगळूर योद्धाज, दिल्ली वीर, पंजाब रॉयल्स आणि यूपी वॉरियर्स. प्रत्येक संघात देशी-परदेशी पुरुष आणि महिला मल्ल. दोन संघांमधील सामना म्हणजे नऊ वजनगटांतील कुस्त्यांची मालिका. त्यांपैकी पाच पुरुषांच्या आणि चार महिलांच्या. पुरुषांमध्ये ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंतचे गट होते. साखळी सामन्यांत एक गमतीदार नियम होता. नाणेफेकीनंतर प्रत्येक संघ एकेक वजनगट बाद ठरवू शकत असे, म्हणजे नवाऐवजी सातच कुस्त्या होत. समोरच्या संघातील सर्वांत भारी मल्लाला कुस्तीविनाच बसवून ठेवण्याची ही युक्ती. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा नियम तोट्याचाच म्हणायचा, कारण ज्याला पाहायला तिकीट काढावे तोच बाकावर बसलेला दिसायचा. परंतु डावपेचाला त्यामुळे रंग चढत असे, हेही खरे.

लिलावाचे आकडे अधिक बोलके आहेत. योगेश्वर दत्तसाठी हरयाणा हॅमर्सने ३९ लाख ७० हजार रुपये मोजले, सुशीलकुमारसाठी यूपी वॉरियर्सने ३८ लाख २० हजार. मुंबईत वाढलेला आणि तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव ३४ लाख ५० हजारांना बंगळूरकडे गेला. मात्र सर्वांत मोठी बोली या तिघांपैकी कोणावरही लागली नाही. ती लागली युक्रेनच्या ओक्साना हेरहेल या महिला मल्लावर : ४१ लाख ३० हजार रुपये. ज्या देशात शेवटच्या कुस्तीचा मान नेहमी सर्वांत वजनदार पुरुषाला मिळत आला, तेथे साठ किलोच्या आसपासची एक स्त्री लिलावातील सर्वांत महाग मल्ल ठरली. लीगने कुस्तीत काय बदलले, असे कोणी विचारले तर या एका बोलीकडे बोट दाखवता येईल.

याचे कारण भावनिक नाही, निव्वळ हिशेबी आहे. संघाला सामना जिंकायचा तर निम्म्याहून अधिक कुस्त्या हव्यात. सव्वाशे किलोच्या मल्लाने मिळवलेला विजय आणि ४८ किलोच्या मुलीने मिळवलेला विजय, दोहोंचे मोल सारखेच, एक गुण. त्यामुळे मालक वजन पाहत नाही, खात्रीचा विजय पाहतो. जत्रेतल्या पंचमंडळींपेक्षा हा सौदागर अधिक रुक्ष खरा, पण हलक्या मल्लाला त्याच्याच दुकानात रास्त भाव मिळाला.

२७ डिसेंबर २०१५ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात मुंबई गरुडने हरयाणा हॅमर्सचा ७-२ असा पराभव केला. या संघात अमेरिकेची जगज्जेती ॲडलिन ग्रे होती, साक्षी मलिक होती, रितू फोगाट होती. साक्षीला तोपर्यंत कुस्तीच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. आठ महिन्यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक जिंकले आणि कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

चार हंगाम, मग सन्नाटा

दुसरा हंगाम २ जानेवारी २०१७ पासून दिल्लीत सुरू झाला. ‘दंगल’ हा चित्रपट दहाच दिवसांपूर्वी प्रदर्शित झालेला. महिला कुस्तीचा विषय घराघरांत पोहोचलेला. लीगला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. संघांची नावे आणि मालक बदलले होते. मुंबई गरुड जाऊन मुंबई महारथी आले. दिल्लीचे सुलतान झाले, उत्तर प्रदेशाचे दंगल झाले, बंगळूर गळाले आणि जयपूर निन्जाज अवतरले. मुंबई महारथीचे नेतृत्व रिओची सुवर्णविजेती कॅनडाची एरिका वीब हिच्याकडे होते. पंजाब रॉयल्सकडून रिओमध्ये ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलेला जॉर्जियाचा व्लादिमेर खिंचेगाश्विली खेळला. भारतातील तरुण मल्लांना ऑलिंपिक विजेत्याशी अंग घासण्याची अशी संधी एरवी वर्षातून एखाद्या परदेशी स्पर्धेतच मिळत असे. पंजाबने अंतिम सामन्यात हरयाणाला ५-४ असे हरवले. त्याच हंगामात योगगुरू रामदेव आणि बीजिंग ऑलिंपिकचा रौप्यविजेता आंद्रेई स्टॅडनिक यांची प्रदर्शनीय कुस्तीही लावण्यात आली आणि ती रामदेव यांनी जिंकल्याचे जाहीर झाले. करमणूक म्हणून ठीक. पण गंभीर खेळ म्हणून उभ्या राहू पाहणाऱ्या लीगने असला खेळ मांडायला नको होता.

हा हंगाम ज्या स्टेडियममध्ये झाला त्याचे नाव खाशाबा जाधव यांचे आहे. इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये ते देण्यात आले. महाराष्ट्राच्या मल्लाच्या नावाचे छप्पर, मुंबईच्या नावाचा संघ आणि प्रेक्षक मात्र दिल्ली-हरयाणाचे, असे ते चित्र होते.

तिसरा हंगाम ९ ते २६ जानेवारी २०१८ या काळात सिरी फोर्ट येथे झाला. सुशीलकुमारवर दिल्ली सुलतान्सने ५५ लाखांची बोली लावली, तो तेव्हाचा उच्चांक. या वेळी जयपूरच्या जागी ‘वीर मराठाज’ नावाचा संघ आला. म्हणजे सहापैकी दोन संघांची नावे महाराष्ट्राची झाली. नावापलीकडे महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून फारसे आले नाही. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, लातूर येथील तालमींमध्ये शेकडो मुले घाम गाळत असताना संघाच्या मुख्य फळीत इतर राज्यांचे आणि परदेशी मल्लच अधिक दिसले. पंजाबने पुन्हा हरयाणाला हरवून किताब राखला. चौथा हंगाम जानेवारी २०१९ मध्ये पंचकुला, लुधियाना आणि ग्रेटर नोएडा येथे झाला. मराठाजऐवजी मध्य प्रदेशाचा संघ आला. दोनदा पंजाबकडून आणि एकदा मुंबईकडून अंतिम सामना हरलेल्या हरयाणा हॅमर्सने या वेळी पंजाबला ६-३ असे नमवून अखेर विजेतेपद मिळविले.

त्यानंतर सात वर्षे लीग भरलीच नाही. २०२० मध्ये करोनाची साथ आली. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया प्रभृती मल्ल जंतरमंतरवर धरणे धरून बसले. महिला मल्लांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध त्यांचे आंदोलन होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले, डिसेंबरमध्ये निवडणूक होताच तीन दिवसांत केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेही निलंबनाचा आदेश काढला. जागतिक निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि मंत्रालयाचे मार्च २०२५ मध्ये उठले. इकडे महाराष्ट्रात २०२२ मध्ये महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त करून नवी संघटना नेमली. परिणामी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच महिन्यात दोन ठिकाणी दोन ‘महाराष्ट्र केसरी’ ठरले, धाराशिवला शिवराज राक्षे आणि पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख. ज्या घरात दोन चुली पेटल्या आहेत तेथे पाहुणे जेवायला बोलावणे अवघडच.

राहुल आवारेची वर्षे

लीगच्या या चढउताराचा मल्लाच्या आयुष्याशी काय संबंध, हे राहुल आवारेच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते. त्याचे वडील बाळासाहेब हे स्वतः मल्ल. पाटोद्यात पहिले धडे घेऊन राहुल लहान वयातच पुण्याला गेला आणि गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली आला. बिराजदार मामा लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णविजेते. २०११ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर राहुलला मार्गदर्शन लाभले ते अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांचे, तेही लातूरकडचेच. म्हणजे गुरू मराठवाड्याचे, शिष्य मराठवाड्याचा आणि आखाडा पुण्याचा. मराठवाड्यातील होतकरू मल्लाची ही ठरलेली वाट आहे, कारण बालाघाटात माती आहे, पण गादी, आहारतज्ज्ञ, सरावाला तोडीचा जोडीदार आणि परदेशवारीची सोय यांपैकी काही नाही.

मुलाला पुण्याच्या तालमीत ठेवणे म्हणजे काय, हे खेड्यातील बापाला विचारावे. दूध, तूप, बदाम, थंडाईचे साहित्य, फळे, असा खुराक रोज हवा. तो वर्षानुवर्षे हवा आणि मुलगा जिंकला नाही तरी हवा. जड वजनाचा मल्ल जत्रांच्या हंगामात मैदाने मारून त्यातला काही भाग भागवू शकतो. हलक्या वजनाच्या मल्लाला ती मुभा फार थोडी. शिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी वजन काट्यावर आणायचे आणि जत्रेत मोठ्या जोडीशी लढायचे, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी. म्हणून लीगचा करार हा अशा मल्लासाठी चैनीचा भाग नव्हता. तीन आठवड्यांच्या खेळात वर्षाचा खुराक सुटण्याची शक्यता त्यात होती.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकची ५७ किलो गटातील जागा संदीप तोमरने मिळविली आणि राहुल मागे राहिला. दोन वर्षांनी गोल्ड कोस्टला त्याने पाकिस्तानच्या महंमद बिलालला उपान्त्य फेरीत १२-८ असे हरवले आणि मग ताकाहाशीवर मात करून पदक घेतले. ते त्याने बिराजदार मामांना अर्पण केले. पुढच्या वर्षी तो ६१ किलो गटात गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेकडून उपान्त्य लढत गमावल्यावर अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून त्याने कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत भारताने पाच पदके जिंकली. तोवरची ती सर्वोत्तम कामगिरी. दीपक पुनिया, रवी दहिया, बजरंग आणि विनेश हे बाकीचे चौघे. पाचांतील एकटा राहुल महाराष्ट्राचा, आणि त्याचाच वजनगट ऑलिंपिकमध्ये नसलेला.

येथे तारखा जुळवून पाहण्यासारख्या आहेत. जागतिक कांस्यपदक सप्टेंबर २०१९ चे. लीगचा चौथा हंगाम त्याच वर्षी जानेवारीत संपलेला. म्हणजे ज्या क्षणी पाटोद्याच्या मल्लाची लिलावातील किंमत सर्वाधिक असायची, त्या क्षणी लिलावच उरला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धेत त्याने आणखी एक कांस्यपदक मिळविले, त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. आधार मिळाला तो राज्य सरकारच्या नोकरीचा. पोलिस उपअधीक्षक म्हणून त्याची नियुक्ती झाली. शासकीय नोकरी ही भारतीय मल्लाची जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची लीग आहे; रेल्वे, सैन्यदल आणि पोलिस हे तिचे संघ. पण ती दार उघडते पदक मिळाल्यावर. पदकापूर्वीच्या दहा वर्षांचे काय, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही आणि लीगचे महत्त्व नेमके तेथेच आहे.

घर असलेली लीग

लीग कशाने टिकते, हे पाहायला थोडे दूर जावे लागेल. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीची नॅशनल हॉकी लीग २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलमध्ये स्थापन झाली. पहिल्या हंगामात चारच संघ उतरले. त्यांतील माँट्रियल वाँडरर्सचे मैदान २ जानेवारी १९१८ रोजी आगीत जळून गेले आणि तो संघच बाहेर पडला. उरलेल्या तीन संघांनी हंगाम पुरा केला. इतक्या दुबळ्या पायावर उभी राहिलेली ती लीग शंभर वर्षे ओलांडून गेली, याचे एक कारण असे की संघ म्हणजे विशिष्ट शहर आणि त्या शहरातले विशिष्ट मैदान, हे समीकरण तेथे पहिल्या दिवसापासून होते. मैदान जळाले तर संघ मोडला, इतके ते घट्ट होते. माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ तेव्हाही त्या शहराचा होता, आजही आहे.

कुस्तीतले उदाहरण जर्मनीचे. तेथील कुस्तीची बुंडेसलिगा अनेक दशके चालू आहे आणि तिच्यातील नामांकित संघ मोठ्या शहरांचेच आहेत असे नाही. शिफरश्टाट, बुर्गहाउझन ही वीसेक हजार वस्तीची गावे. पण त्यांचे क्लब राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेले. शनिवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात दुसऱ्या गावचा संघ येतो, दहा कुस्त्या होतात, शेजारपाजारचे लोक आपल्या पोरांना ओरडून बळ देतात. परदेशी मल्लही करारावर येतात, परंतु ते गावच्या संघात येतात. पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावाने कुस्तीचा संघ चालवावा ही कल्पना आपल्याकडे हास्यास्पद वाटेल, तेथे ती रूढी आहे.

आपल्याकडे प्रो कबड्डीने हे मर्म लवकर ओळखले. यू मुंबाचे सामने वरळीत झाले, पुणेरी पलटणचे बालेवाडीत. प्रेक्षक आपल्या संघासाठी आले. कुस्तीची लीग मात्र दुसऱ्या हंगामापासून दिल्ली, हरयाणा, पंजाब आणि नोएडा या पट्ट्याबाहेर पडली नाही. मुंबईच्या संघाला मुंबईत आखाडा नाही आणि मराठ्यांच्या संघाला महाराष्ट्रात. हंगामागणिक संघ बदलत गेले, नावे बदलत गेली. प्रेक्षकाने जीव लावावा तरी कोणाला?

महाराष्ट्रात एकदा निराळा प्रयत्न झाला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडानगरीत ‘झी महाराष्ट्र कुस्ती दंगल’ भरविण्यात आली. पुणेरी उस्ताद, कोल्हापुरी मावळे, मुंबई अस्त्र, विदर्भाचे वाघ, यशवंत सातारा आणि वीर मराठवाडा असे तिचे सहा संघ होते. मराठवाड्याच्या नावाचा व्यावसायिक कुस्ती संघ ही तोपर्यंत कोणी न ऐकलेली गोष्ट. सामने पुण्यातच झाले आणि ही लीग वार्षिक प्रथा बनली नाही, तरी संघांची ती नावे योग्य दिशेने पडलेले पाऊल होते. येथील प्रेक्षकाला चाळीस-पन्नास वर्षांपासून सवय आहे ती ‘अमुक तालमीचा पठ्ठ्या’ म्हणून मल्लाला ओळखण्याची. त्या ओळखीवर लीग उभी करता येते. दिल्लीतल्या वातानुकूलित सभागृहात ‘मुंबई’ असे नाव लिहिलेली पोशाखाची पट्टी चढवून येत नाही.

प्रो रेसलिंग लीगच्या पुनरागमनाची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये नोएडा येथे तिचा नवा हंगाम भरला. लिलावात जपानची ऑलिंपिक विजेती युई सुसाकी ६० लाख रुपयांना हरयाणाच्या संघाकडे गेली. ही लीगमधील आजवरच्या मोठ्या बोलींपैकी एक, आणि सुसाकीचे वजन ५० किलो. सुशीलकुमारच्या ५५ लाखांपुढे गेली ती लीगमधील सर्वांत हलक्या गटातली मल्ल. हॉकीची लीगही २०१७ नंतर बंद पडून डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली होती. त्यामुळे मधल्या खंडाने लीग कायमची संपते असे नाही.

नव्या सहा संघांपैकी एकाचे नाव ‘महाराष्ट्र केसरी’ असे ठेवण्यात आले आहे. ज्या किताबाच्या गटात ८६ किलोखालच्या मल्लाला उतरताच येत नाही, त्याच नावाच्या संघात आता हलक्या गटांचे मल्ल आणि महिला मल्ल घेणे नियमानेच भाग आहे. सामने मात्र याही वेळी नोएडातच झाले. पाटोद्याहून नोएडा सुमारे बाराशे किलोमीटर. पुण्याचे अंतर त्याच्या सहाव्या हिश्शाहून फार अधिक नाही.